पदवीला असतानाच संशोधन करायचंय? फॉर्मच्या आधी गाइड बघा

नव्या शैक्षणिक धोरणातल्या चार वर्षांच्या पदवीत शेवटच्या वर्षी दोन फाटे फुटतात: एक नुसती ऑनर्स आणि दुसरी 'ऑनर्स विथ रिसर्च'. दुसरीसाठी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात पहिल्या सहा सत्रांत मिळून किमान ७५ टक्के गुणांची अट आहे. एकूण १६० क्रेडिट्सपैकी १२ क्रेडिट्स शोधप्रबंधाची, आणि तो प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखालीच करायचा. नुसती ऑनर्स घेणारे त्या १२ क्रेडिट्सऐवजी जादा पेपर देतात.

गुण असूनही गाडी अडते ती गाइडपाशी, म्हणजे मार्गदर्शक प्राध्यापकापाशी. रिसर्चचं चौथं वर्ष चालवायला महाविद्यालयात पीएच.डी. मार्गदर्शक म्हणून मान्यता असलेले किमान दोन कायमस्वरूपी प्राध्यापक लागतात. लहान गावांतल्या महाविद्यालयांत ही अट जड जाते. म्हणून तिसऱ्या वर्षाच्या निकालाची वाट न पाहता आधीच विभागप्रमुखांना विचारून ठेवा: आपल्याकडे रिसर्चचं चौथं वर्ष आहे का, आणि कुणाकडे किती जागा आहेत?

गाइड निवडताना सर किंवा मॅडम वर्गात किती छान शिकवतात, एवढ्यावर जाऊ नका. गेल्या तीन-चार वर्षांत त्यांनी काय छापलंय ते गुगल स्कॉलर या शोधनिबंध शोधायच्या साइटवर पाहा आणि त्यातला एक तरी लेख नीट वाचा. अर्धा समजला तरी चालेल. मग भेटायला जाताना 'मला तुमच्याकडे प्रोजेक्ट करायचाय' एवढंच नको. कोणता लेख वाचला, त्यातलं काय कळलं नाही, आठवड्याला किती तास देऊ शकता, हे सांगा. ओळख नसलेल्या प्राध्यापकांना ईमेल करायचा असेल तर तोही आठ-दहा ओळींतच आटपा. 'आदरणीय सर/मॅडम' असं लिहून एकच मजकूर चाळीस जणांना पाठवलेला लगेच ओळखू येतो, आणि त्याला उत्तर येत नाही. आठवडाभरात काही आलं नाही तर एकदा आठवण करा, मग पुढच्या नावाकडे वळा.

संशोधन म्हणजे फक्त प्रयोगशाळा नव्हे. इतिहासवाल्यांना पुराभिलेखागार आहे, अर्थशास्त्रवाल्यांना गावातलं सर्वेक्षण आहे. आपल्याकडच्या विद्यापीठांच्या 'आविष्कार' या संशोधन स्पर्धेत भाषा-मानव्यविद्यांपासून शेती आणि औषधनिर्माणापर्यंत सहा गट असतात, आणि पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा स्तर असतो. दुसऱ्या वर्षी तिथे एखादं पोस्टर मांडलं की गाइडसोबत काम करण्याची सवयही होते आणि पुढे शिफारसपत्र लिहिणारं माणूसही मिळतं.

ते माणूस लागतंच. विज्ञान-अभियांत्रिकीच्या मुलांसाठी बंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस आणि दिल्ली व प्रयागराजच्या दोन अकादमी मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची फेलोशिप देतात. अर्ज ऑनलाइन, आणि आदल्या वर्षीच्या हिवाळ्याच्या तोंडावरच भरायचा, त्यामुळे जानेवारीत जागे होणाऱ्यांची संधी हुकते. मुंबईची टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि पुण्याची आयुका (खगोलशास्त्राची संशोधन संस्था) यांचेही असे सुट्टीतले कार्यक्रम आहेत. पात्रतेचं वर्ष आणि विषय प्रत्येकाचे वेगळे, तेव्हा त्या वर्षीची जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

कागदपत्रं साधारण तीच लागतात: सगळ्या सत्रांच्या मार्कशीट, बोनाफाईड, ओळखपत्र, एका पानाचा बायोडाटा, 'काय करायचंय आणि का' यावर छोटं टिपण, आणि निवड झाल्यावर प्राचार्यांचं ना-हरकत पत्र. शिफारसपत्र मात्र बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्याच्या हातात येत नाही. शिक्षकांच्या ईमेलवर लिंक जाते आणि ते थेट भरतात. ती लिंक स्पॅममध्ये पडून राहणं हे नेहमीचंच. शिक्षकांना दोन आठवडे आधी सांगा, सोबत तुमचं टिपण द्या, आणि मुदतीच्या तीन दिवस आधी हळूच विचारा. मार्कशीटवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर तेही आत्ताच दुरुस्तीला टाका. त्याला वेळ लागतो.

पैशांचं सरळ आहे. चांगली फेलोशिप तुम्हाला विद्यावेतन देते. उलट तुमच्याकडूनच काही हजार घेऊन 'रिसर्च इंटर्नशिप'चं प्रमाणपत्र देणाऱ्या जाहिरातींपासून लांब राहिलेलं बरं. महाविद्यालयातल्याच गाइडकडे काम केलं तर बहुधा काही मिळत नाही, पण काम खरं असतं.

एक अडचण आपल्याकडची खास. परीक्षा कधी कधी मे-जूनपर्यंत लांबतात आणि उन्हाळी कार्यक्रम मेमध्येच सुरू झालेले असतात. वेळापत्रक लागताच बाहेरच्या गाइडना तारखा कळवा. आठवडाभर उशिरा रुजू होऊ का, असं आधी विचारलं तर बरेच जण हो म्हणतात.