आजीच्या पाटल्या मिश्रण, मग पैंजणांवरचा काळा थर संयुग कसा?

भाची यंदा नववीत आहे. इंदूरच्या हिंदी माध्यमाच्या शाळेत ती ‘यौगिक’ शिकते आणि घरी माझ्या तोंडून ‘संयुग’ ऐकते. गोष्ट एकच. ‘मिश्रण’ बिचारं दोन्हीकडे मिश्रणच. परवा तिने मला पेचात पकडलं. “मामा, आजीच्या पाटल्यांतलं सोनं आणि तांबं चाळून, गाळून वेगळं होईल? नाही ना? मग पाटल्या यौगिक!”

उत्तर चुकलं, पण दोष तिचा नाही. ‘सहज वेगळं करता येतं ते मिश्रण, नाही ते संयुग’ हा नियम मीही कित्येकांना पढवला आहे. पोह्यांवरच्या शेव-जिरावणाला तो चपखल बसतो. सराफ्यात शिरला की लंगडतो.

बावीस कॅरेट म्हणजे 24 भागांत 22 भाग सोनं, बाकी दोन भाग तांबं, चांदी वगैरे. हजारात 916, म्हणून दागिन्यावर 916 चा शिक्का. मुशीत वितळून हे अणू एकमेकांत असे मिसळतात की चाळणी, चुंबक, गाळणी सगळं निरुपयोगी. जुनं सोनं तेजाबाने शुद्ध करायचं तर आधी त्यात उलट आणखी चांदी घालून सोन्याचा वाटा सुमारे पाव करतात आणि मग ते नायट्रिक आम्लात टाकतात. चांदी-तांबं विरघळतं, सोनं तळाशी राहतं. एवढा खटाटोप करावा लागतो, तरी पाटल्या मिश्रणच.

कारण संयुगात घटकांचं प्रमाण ठरलेलं असतं, इथे ते कारागिराच्या हातात आहे. बावीस करा, अठरा करा, मनात आलं तर साडेएकोणीस करा. मूस तक्रार करत नाही. शिवाय प्रत्येक धातू आपला गुण राखून असतो. तांबं वाढलं की झाक लालसर, चांदी वाढली की फिकट. अशा मिश्रधातूला मराठी पाठ्यपुस्तकात ‘संमिश्र’ म्हणतात. नावातच उत्तर आहे, पण हिंदीत शिकणाऱ्या मुलीला त्याचा काय उपयोग!

आता आजीचे पैंजण. डब्यात पडून काळे झालेले. हवेत अगदी थोडा हायड्रोजन सल्फाइड असतो, त्यातलं गंधक चांदीला धरतं आणि सिल्व्हर सल्फाइड तयार होतं. चांदीचे दोन अणू, गंधकाचा एक. वजनाने साधारण 27 ला 4. इथे कुणाला विचारायची सोय नाही. पैंजण इंदुरात काळे पडोत की बडोद्यात, हिशेब तोच. आणि त्या काळ्या थरात चांदीची चकाकी नाही, गंधकाचा पिवळेपणाही नाही. दोघांचे गुण गेले, तिसराच पदार्थ आला. गंमत अशी की थराखालची चांदीही तांबं घातलेली, म्हणजे मिश्रण. एकाच पैंजणात दोन्ही नांदतात.

आई रांगोळीने घासायला बसणार होती. घासल्यावर काळं जातं, पण त्यात अडकलेली चांदीही जाते. म्हणून मी वाडग्यात ॲल्युमिनियमचा कागद पसरला, चमचाभर खाण्याचा सोडा टाकला, कढत पाणी ओतलं आणि पैंजण कागदाला टेकतील असे सोडले. (खडे जडवलेले किंवा मुद्दाम काळपट केलेले दागिने असे बुडवू नका.) बुडबुडे आले, कुजक्या अंड्याचा पुसट वास आला. थोड्या वेळाने पैंजण उजळले आणि कागदच काळपटला.

“मग चांदी वेगळी झालीच की! म्हणजे मिश्रण!” भाची टपूनच होती.

वेगळी झाली, पण गाळून नाही. ॲल्युमिनियमने चांदीला इलेक्ट्रॉन दिले, त्यासाठी स्वतः बदललं, आणि सुटलेलं गंधक पाण्यात उतरलं. थोडं वास होऊन उडालं. एका रासायनिक क्रियेने बांधलेलं दुसऱ्या रासायनिक क्रियेनेच सुटलं.

या घोळात ती एकटी नाही. 1799 मध्ये फ्रेंच रसायनज्ञ प्रूस्त यांनी दाखवलं की कॉपर कार्बोनेट खाणीतलं असो वा प्रयोगशाळेतलं, त्यातलं घटकांचं प्रमाण एकच येतं. त्यांचे देशबांधव बर्थोले मोठे रसायनज्ञ. त्यांना हे पटेना. संयुगातलं प्रमाणही बदलतं याला पुरावे म्हणून त्यांनी मिश्रधातू, काच, द्रावणं पुढे केली. म्हणजे माझ्या भाचीच्या पाटल्याच! वाद काही वर्षं चालला.

आता तिने नळावर बोट ठेवलं आहे. पुस्तकातलं पाणी संयुग: हायड्रोजन आणि ऑक्सिजन वजनाने 1 ला 8, नेहमीच. पण आमच्या नळाला येतं ते नर्मदेचं पाणी. त्यात क्षार विरघळलेले, हवा विरघळलेली, आणि त्यांचं प्रमाण पावसाळ्यात एक, उन्हाळ्यात दुसरं. म्हणजे ते मिश्रण. ते उकळून उकळून पातेल्याच्या तळाशी बसणारा पांढरा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. ते पुन्हा संयुग.