बर्फातून उठतो, उंदरापुढे हरतो

मागच्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो फिरत आला. तळहाताएवढा नाकतोडा गाजर कुरतडतोय आणि खाली मजकूर : ‘राक्षसी टोळ विदर्भात शिरले. दिसताच ठेचा, घराला अपशकुन असतो.’ मे २०२० मध्ये काटोलकडच्या संत्राबागांवर खरोखरीची टोळधाड आली होती, त्यामुळे लोक घाबरले तर नवल नाही. पण फोटोतला जीव टोळ नव्हता. त्याला पंखच नाहीत. तो न्यूझीलंडचा वेटा, आणि त्याच्या काही जाती नामशेष होऊ नयेत म्हणून तिथली माणसं जिवाचं रान करताहेत. अपशकुनाच्या नावाखाली आपण गोरेवाड्याच्या गवतातले कितीतरी निरुपद्रवी नाकतोडे चिरडतो, याचं मला फार वाईट वाटतं.

वेटा नाकतोडे आणि रातकिडे यांच्याच ऑर्थोप्टेरा गणातला. सत्तरहून अधिक जाती, आणि सगळ्या न्यूझीलंडमध्येच. सर्वांत धिप्पाड तो वेटापुंगा. ‘७१ ग्रॅमचा कीटक’ म्हणून जो गाजतो तो आकडा अंड्यांनी भरलेल्या, पिंजऱ्यातल्या एका मादीचा आहे. एरवी वेटापुंगाची मादी त्याच्या निम्म्या वजनाची असते. तेवढीही आपल्या चिमणीपेक्षा जड भरते!

मला मात्र वेड लावलं ते त्याच्या डोंगरातल्या भावाने. दक्षिण बेटावरच्या उंच पठारांवर दगडांच्या सपाट कपारींत हा पहाडी वेटा राहतो. थंडीत तो गोठतो. अक्षरशः. शरीरातल्या पाण्यापैकी ८२ टक्क्यांपर्यंत पाण्याचा बर्फ होतो, आणि ऊन चढलं की तो वितळून चालू लागतो.

हे जमतं कसं? बर्फ पेशीच्या आत झाला तर त्याचे स्फटिक पेशी फाडून टाकतात. म्हणून वेटा बर्फ पेशीबाहेर होऊ देतो. त्याच्या रक्तात, म्हणजे हिमोलिंफमध्ये, बर्फाचे कण जमायला आधार देणारे रेणू असतात. त्यांच्यामुळे रक्त शून्याच्या थोडंसं खाली जाताच गोठू लागतं, पण सावकाश. आता गंमत बघा. बर्फात शुद्ध पाणीच जातं, क्षार आणि साखर उरलेल्या द्रवात मागे राहतात. तो द्रव घट्ट होत जातो. जूनमध्ये कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की तासाभरात भांड्यात पाणी सुटतं ना, तेच इथे होतं. परासरणाने पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. पेशी सुकते, आतला रस घट्ट होतो आणि घट्ट रस सहजी गोठत नाही. पण फार सुकली तर पेशीचं पटल, म्हणजे तिचं पातळ आवरण, चुरगळेल. त्यासाठी वेट्याने ट्रेहॅलोज ही साखर आणि प्रोलिन हे अमिनो आम्ल साठवलेलं असतं. दोन्ही मिळून पाण्याची गळती आवरतात. ट्रेहॅलोजचे रेणू पटलाच्या मेदरेणूंशी हायड्रोजन बंधांनी जोडले जाऊन पाण्याची रिकामी जागा धरून ठेवतात, म्हणून पटलाची घडण मोडत नाही.

यालाही मर्यादा आहे. उणे दहा अंशांच्या आसपास तोही मरतो. तेव्हा ‘माणसाला गोठवून शंभर वर्षांनी उठवू’ म्हणणाऱ्यांनी वेट्याचा दाखला देऊ नये. आपल्या पेशींत यातली कुठलीच तयारी नसते.

आता उंदराकडे वळू. न्यूझीलंड हा मूळ गोंडवन महाखंडाचा तुकडा, आणि त्या महाखंडाचं नाव आपल्या गोंडांच्या मुलुखावरून पडलं. सुमारे ८ कोटी वर्षांपूर्वी तो वेगळा झाला. वटवाघुळं सोडली तर तिथे जमिनीवरचे सस्तन प्राणीच नव्हते. वेट्याचे शत्रू म्हणजे पक्षी आणि सरड्यासारखा दिसणारा ट्वाटारा, बहुतेक डोळ्यांनी शिकार करणारे. त्यामुळे निश्चल बसणं हाच उत्तम बचाव होता. तेराव्या शतकाच्या सुमारास माओरींच्या होड्यांतून उंदीर आले, पुढे युरोपी जहाजांतून आणखी आले. उंदीर वासावर शिकार करतो. त्याच्यापुढे निश्चल बसणं म्हणजे ताटात बसणं.

वेटापुंगा शेवटी ऑकलंडजवळच्या हाउतुरू बेटावरच उरला. तिथली मांजरं १९८० पर्यंत आणि उंदीर २००४ मध्ये काढल्यावर त्याला श्वास मिळाला. ऑकलंडच्या प्राणिसंग्रहालयात वाढवलेले हजारो वेटे इतर उंदीरमुक्त बेटांवर सोडले गेले. मुख्य भूमीवर माहोएनुई इथल्या महाकाय वेट्याला वाचवलं ते गॉर्स या काटेरी परदेशी झुडपाने, जसं आपल्याकडचं रायमुनिया. बकऱ्या शेंडे खुडतात, झुडूप दाट होतं आणि उंदराला आत शिरता येत नाही. तण उपटायचं की राखायचं, हा प्रश्न तिथे तेवढ्यापुरता राखण्याच्या बाजूने सुटला.

हाउतुरूवर उतरायला आजही परवाना लागतो, आणि निघण्यापूर्वी पिशव्या उघडून पाहिल्या जातात. एखादी गाभण उंदरीण पोहोचली तरी सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल.