मार खाणारा नायक: हाँगकाँगच्या कुंगफू विनोदपटांची पार्श्वभूमी

२० जुलै १९७३ रोजी ब्रूस ली गेला आणि हाँगकाँगचे निर्माते दुसरा ब्रूस ली शोधायला लागले. त्याच्यासारखं नाव लावणारे, त्याच्यासारखे किंचाळणारे कितीतरी नट पडद्यावर आले आणि गेले. दिग्दर्शक लो वेई यांनी १९७६ साली तरुण जॅकी चॅनलाही त्याच साच्यात बसवून पाहिलं. चित्रपट पडला.

पडणारच होता. सूडाने पेटलेला योद्धा ही जॅकीची घडणच नव्हती. लहानपणीची दहा वर्षं तो हाँगकाँगच्या कौलून भागात यू जिम-युएन यांच्या पेकिंग ऑपेराच्या, म्हणजे चीनच्या पारंपरिक संगीतनाट्याच्या, शाळेत वाढला. कोलांट्या, तलवार, गाणं, अभिनय हे सगळं एकत्र शिकायचं आणि चुकलं की छडी खायची. पुढे पडद्यावर गाजलेले सामो हंग आणि युएन बियाओ त्याच शाळेतले. ऑपेराचा प्रेक्षक आटत गेला तसे हे विद्यार्थी स्टुडिओत मारामारीच्या दृश्यांत पडायची कामं करू लागले.

ऑपेरात 'वूचौ' नावाची भूमिका असते, म्हणजे लढणारा विदूषक. आपल्या तमाशातला सोंगाड्या हसवता हसवता तलवारही चालवू लागला तर कसा दिसेल, तसा. 'सान चा कौ' या प्रसिद्ध प्रयोगात खाणावळीचा मालक आणि एक योद्धा मिट्ट काळोखात एकमेकांना चाचपडत लढतात. रंगमंचावर मात्र लख्ख उजेड असतो! पातं नाकावरून जातं, दोघांना पत्ता नसतो, आणि प्रेक्षक एकाच वेळी श्वास रोखून हसतो. मला तरी या चित्रपटांच्या ओढीचं मूळ इथेच दिसतं. लढाईची टिंगल करून हे हसू येत नाही. लढाई अचूक असते म्हणूनच ते येतं.

काळही अनुकूल होता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हाँगकाँगच्या कँटोनीज बोलीतले चित्रपट जवळपास थांबले होते. १९७३ मधल्या भाडेकरूंच्या एका विनोदपटाने आणि पाठोपाठ विनोदी नट-दिग्दर्शक मायकल हुइ यांच्या चित्रपटांनी त्यांना परत उभं केलं. सामान्य माणसाच्या फजितीवर हसायला लोक तयार होते. दिग्दर्शक लाउ कार-लेउंग यांनी १९७५ साली कुंगफू आणि विनोद यांचा मेळ घालूनही दाखवला होता.

मग १९७८ साली दिग्दर्शक युएन वू-पिंग यांचा 'ड्रंकन मास्टर' आला. वाँग फेइ-हुंग हा दक्षिण चीनचा लोकनायक. नट क्वान तक-हिंग यांनी १९४९ पासून कितीतरी चित्रपटांत त्याला धीरगंभीर गुरुजी म्हणून उभं केलेलं. इथे तोच पोरवयातला, उनाड आणि आळशी. गुरू त्याला उलटा टांगतो. खालच्या बादलीतलं पाणी इवल्याशा वाट्यांनी वरच्या बादलीत भरायचं. प्रत्येक वाटीला पोटाला पीळ. गुरू पाठमोरा झाला की पोरगा पळवाट शोधतो. हसताना आपल्याला त्या पोटाची कळही जाणवते, कारण कॅमेरा लांब आहे, शरीर अख्खं दिसतं आणि ते खरोखर तेच करतंय.

ब्रूस लीला लागलं की तो अधिक भयंकर व्हायचा. जॅकीला लागलं की तो हात झटकतो, तोंड वाकडं करतो, पळतो. १९८३ च्या 'प्रोजेक्ट ए'मध्ये तो घड्याळाच्या मनोऱ्यावरून कापडी छतं फाडत जमिनीवर आदळतो. अमेरिकी विनोदवीर हॅरॉल्ड लॉइड १९२३ साली मूकपटात अशाच घड्याळाला लोंबकळले होते, हे जॅकीला पक्कं ठाऊक होतं. चित्रपट संपल्यावर चुकलेले प्रसंग दाखवायची त्याची पद्धतही याच प्रामाणिकपणातून रुजली, असं मी मानतो.

ही परंपरा नट-दिग्दर्शक स्टीफन चाऊ यांनी पुढे नेली. २००४ च्या 'कुंगफू हसल'मध्ये संगणकाची करामत भरपूर आहे, पण वस्तीतले घरमालक आणि त्यांची कजाग बायको या भूमिकांसाठी त्यांनी निवडलेले युएन वाह आणि युएन च्यू हे दोघेही यू जिम-युएन यांचेच विद्यार्थी.