रस्त्याने नेपाळला जाताना: ओळखपत्र, गाडीचा भन्सार आणि परतीची कस्टम्स तपासणी

नेपाळला जायला भारतीयांना व्हिसा लागत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. बहुतेकांची तयारी तिथेच थांबते आणि अडचणीही तिथूनच सुरू होतात. 1950 च्या भारत-नेपाळ मैत्री करारामुळे माणसांना ये-जा करायला मोकळीक आहे. गाडी, सामान आणि नोटा यांना ती नाही. पशुपतिनाथ, मुक्तिनाथ, लुंबिनी करायला महाराष्ट्रातून गोरखपूरमार्गे सोनौलीला किंवा बिहारमधून रक्सौलला पोचलेली मंडळी सीमेवर खोळंबतात ती बहुतेक वेळा यांपैकीच एखाद्या गोष्टीमुळे. म्हणून सोप्या पायऱ्या इथे थोडक्यात सांगतो आणि अडवणाऱ्या गोष्टी सविस्तर.

ओळखपत्र

प्रौढ व्यक्तीसाठी दोनच कागद निर्विवाद चालतात: पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र. आधार सगळीकडे चालतं म्हणून फक्त आधार घेऊन निघू नका. गृह मंत्रालयाने जानेवारी 2019 मध्ये नेपाळ आणि भूतान प्रवासासाठी आधारला मान्यता दिली खरी, पण ती 15 वर्षांखालच्या आणि 65 वर्षांवरच्या प्रवाशांपुरती. मधल्या वयाच्या माणसाने ही बातमी अर्धी वाचली की घोटाळा होतो.

सगळ्यात दुर्लक्षित गट म्हणजे 15 ते 18 वयाची मुलं. त्यांच्याकडे मतदार कार्ड असणं शक्यच नाही, आणि पासपोर्ट नसेल तर शाळेच्या मुख्याध्यापकांनी किंवा प्राचार्यांनी दिलेलं ओळख प्रमाणपत्र लागतं. सहली निघतात मे महिन्यात, शाळा तेव्हा बंद, सही करायला कुणी नाही. परीक्षा संपायच्या आतच ते कागद करून घ्या. फोटो लावलेला असावा आणि शिक्का फोटोवर अर्धा यावा. कुटुंब एकत्र जात असेल तर एका प्रौढाकडे मान्य ओळखपत्र असणं सक्तीचं आहे; इतरांना फोटो असलेला दुसरा पुरावा आणि नातं दाखवणारा कागद, उदाहरणार्थ रेशन कार्ड, चालतो. लग्नानंतर नाव बदललेल्या आणि मतदार कार्डावर अजून माहेरचंच नाव असलेल्या बायकांनी विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत सोबत ठेवावी.

घरात कुणी परदेशी नागरिक असेल, तर त्या व्यक्तीचा रस्ता वेगळा. अमेरिकेहून आलेला मुलगा-सून, त्यांची तिथे जन्मलेली मुलं यांच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत देतो ते) असलं तरी नेपाळच्या दृष्टीने ती परदेशीच. त्यांना नेपाळचा व्हिसा लागतो, तो सीमेवर मिळतो (15 दिवसांचा 30 डॉलर, 30 दिवसांचा 50 डॉलर). पण त्याआधी भारताच्या इमिग्रेशन कार्यालयात निर्गमनाचा शिक्का मारून घ्यावा लागतो. सीमा उघडी असल्यामुळे आई-वडील गर्दीबरोबर सरळ सीमेवरच्या कमानीखालून जातात आणि मुलंही मागोमाग जातात. पलीकडे शिक्का विचारला की पुन्हा मागे यावं लागतं. रिक्षावाला थांबत नाही, फलक नीट दिसत नाही, आणि तो नीट लावावा असं कुणाला वाटतही नाही. कमानीच्या अलीकडेच थांबून इमिग्रेशन कार्यालय विचारा.

स्वतःची गाडी

नेपाळमध्ये सीमाशुल्काला भन्सार म्हणतात. खासगी भारतीय गाडीला आत जायला भन्सार कार्यालयात जितके दिवस राहायचं तितक्या दिवसांचं शुल्क भरून पावती घ्यावी लागते. वाहतूक कार्यालयाचा परवाना वेगळा असतो, तोही तिथेच जवळपास मिळतो. सोबत आरसी, वाहनचालक परवाना, विमा आणि पीयूसी. भारतीय परवाना नेपाळमध्ये चालतो. पिवळ्या पाटीच्या टॅक्सीला आणि टुरिस्ट बसला मात्र वेगळी परवानगी लागते. ती वाहनमालकाने आधीच काढलेली आहे का, हे बुकिंग करतानाच विचारा.

आता अडणाऱ्या गोष्टी. पहिली, मोबाइलमधलं डिजिलॉकर. भारतीय कायद्याने ते मूळ कागदाइतकंच ग्राह्य आहे, पण तो कायदा सोनौलीच्या पलीकडे लागू होत नाही. मूळ आरसी कार्ड आणि परवाना खिशात हवाच, आणि प्रत्येकाच्या दोन-तीन झेरॉक्सही.

दुसरी, गाडी कुणाच्या नावावर आहे ही. गाडी वडिलांच्या नावावर, चालवतो मुलगा, वडील घरी सोलापूरला. अशा वेळी मालकाचं अधिकारपत्र मागतात. ते घरूनच नोटरी करून, गाडी क्रमांक, चालकाचं नाव आणि प्रवासाच्या तारखा लिहून आणावं. आडनाव एकच आहे म्हणून सोडतील, या भरवशावर राहू नका. कंपनीच्या नावावरच्या गाडीसाठी कंपनीच्या लेटरहेडवर हेच पत्र घ्या.

तिसरी गोष्ट जवळजवळ कुणाकडेच नसते, आणि सीमेवर ती कुणी मागेलच असंही नाही. म्हणूनच ती जास्त धोक्याची आहे. आपल्या मोटार विमा पॉलिसीवर भौगोलिक क्षेत्र म्हणून ‘भारत’ एवढंच छापलेलं असतं. नेपाळमध्ये अपघात झाला तर ती पॉलिसी लागू होत नाही. जादा प्रीमियम भरून भौगोलिक क्षेत्र वाढवणारं एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडलेली पुरवणी, घेता येतं. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तान एवढे देश त्यात येतात. शाखेत विचारलं तर समोरच्यालाच माहीत नसतं आणि ‘तसं काही नसतं’ म्हणून परत पाठवतात. हटू नका. ‘आयएमटी 1’ हे त्या एंडॉर्समेंटचं नाव घेऊन लेखी अर्ज द्या आणि निघण्याच्या निदान दोन आठवडे आधी द्या.

चौथी, दिवसांची मोजणी. दुपारी उशिरा आत शिरलात तरी तो पूर्ण दिवस धरला जातो. चार रात्री राहायच्या म्हणून चार दिवसांचं शुल्क भरलेला माणूस पाचव्या दिवशी परतताना दंड भरतो. रस्ते डोंगरातले आहेत. नारायणगढ-मुग्लिन रस्ता पावसाळ्यात दरड कोसळून तासन्‌तास बंद राहतो. जुलै 2024 मध्ये याच रस्त्यावर सिमलताल इथे दरड कोसळून दोन बस त्रिशूली नदीत वाहून गेल्या. तेव्हा उशीर होतोय म्हणून रात्री गाडी हाकण्यापेक्षा सुरुवातीलाच दोन दिवस जास्तीचे भरून ठेवा. मुदत वाढवायचीच असेल तर ती संपण्याआधी वाढवा. शिवाय एका गाडीला वर्षभरात एकूण 30 दिवसांचीच मर्यादा आहे, प्रत्येक फेरीला 30 नव्हे. भन्सारची पावती वाटेत पोलीस तपासतात आणि बाहेर पडताना ती परत दाखवावी लागते.

सीमेवर अर्ज भरून देणारे दलाल भेटतील. अर्ज भरून घ्यायला हरकत नाही, पण मूळ कागद त्यांच्या हातात देऊन चहाला जाऊ नका, आणि पावतीवरचा गाडी क्रमांक व शेवटची तारीख खिडकीसमोरच वाचा.

नोटा आणि नेण्याचं सामान

डिसेंबर 2018 मध्ये नेपाळने 100 रुपयांहून मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती; ती आता कितपत लागू आहे, हे निघण्याआधी विचारून घ्या. भारताच्या बाजूने मोठ्या नोटा नेण्याची मर्यादा 25,000 रुपये आहे. ‘भारतातून नेता येतात’ आणि ‘नेपाळमध्ये चालतात’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि भारतातला नियम वाचून पाचशेच्या गड्ड्या नेणारे इथेच फसत आले आहेत. शंभराच्या नोटा न्या. दर ठरलेला आहे: 100 भारतीय रुपयांचे 160 नेपाळी. मार्च 2024 पासून नेपाळच्या फोनपेच्या (Fonepay, आपलं PhonePe नव्हे) क्यूआरवर भारतीय यूपीआयने दुकानात पैसे देता येतात, पण डोंगरात नेटवर्क जातं.

वापरातले कपडे, भांडी, औषधं यांना नेपाळ भन्सार आकारत नाही. अशा प्रवासी सामानाला तिथे ‘झिटीगुन्टा’ म्हणतात. नवीन, पॅकबंद माल मात्र वेगळा. 100 नेपाळी रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या मालावर शुल्क, हा नियम 2023 मध्ये इतका कडक राबवला गेला की सीमाभागातल्या लोकांनी आंदोलनं केली. नातेवाइकांसाठी साड्यांचा गठ्ठा किंवा खोक्यातला मिक्सर नेत असाल तर शुल्काची तयारी ठेवा. ड्रोन घरीच ठेवा. परवानगीशिवाय नेला तर जप्त होतो. महागडा कॅमेरा किंवा लॅपटॉप नेत असाल तर भारतीय कस्टम्सकडून जातानाच निर्यात प्रमाणपत्र घ्या. नाहीतर परतताना तो नेपाळमध्ये घेतलेला नाही, हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं.

परतताना

सर्वांत जास्त चुकीचा वाचला जाणारा नियम हा आहे. परदेशातून अमुक हजारांपर्यंतचा माल शुल्कमुक्त आणता येतो, असं सगळीकडे छापलेलं असतं. ती सूट विमानाने येणाऱ्यासाठी. 2016 च्या बॅगेज नियमांत (2026 मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले) नेपाळ, भूतान आणि म्यानमारमधून जमिनीवरून येणाऱ्याला फक्त वापरातलं वैयक्तिक सामान शुल्कमुक्त आहे, असं स्पष्ट लिहिलं होतं. म्हणजे काठमांडूत घेतलेलं नवं जॅकेट, बूट, इलेक्ट्रॉनिक वस्तू यांवर अधिकारी शुल्क मागू शकतो आणि त्याचं चूक नसतं. घरातल्या चौघांची मिळून सूट धरू, हा हिशेबही चालत नाही. खरेदीची बिलं ठेवा. बिल नसेल तर किंमत अधिकारी ठरवतो.

मूर्ती आणि थांका (कापडावरची बौद्ध धार्मिक चित्रं) घेणाऱ्यांनी नीट ऐका. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू नेपाळबाहेर नेता येत नाहीत. नवीच मूर्ती, पण मुद्दाम जुनी दिसेल अशी घडवलेली असेल, तर ती नवी असल्याचा दाखला काठमांडूच्या रामशाह पथावरच्या पुरातत्त्व विभागातून घ्यावा लागतो. दुकानदार हे सांगत नाही. शनिवारी कार्यालय बंद असतं, आणि आपल्या सहली नेमक्या शुक्रवारी संध्याकाळी काठमांडूत पोचून रविवारी पहाटे निघतात. मूर्ती घ्यायची असेल तर कार्यक्रमच त्यानुसार आखा.

रक्सौल, जोगबनी किंवा जयनगरमार्गे परतत असाल तर दारूची एकही बाटली जवळ ठेवू नका. बिहारमध्ये एप्रिल 2016 पासून दारूबंदी आहे आणि बाटली बाळगणं हाच गुन्हा आहे. भेट म्हणून घेतली, बिल आहे, कस्टम्सने सोडली, यातलं काहीही पुढच्या पोलीस चौकीवर कामाला येत नाही.

शुल्क भरलं तर पावती घ्या. भरायचं नसेल आणि वस्तू अडवली असेल तर ती तशीच सोडून येऊ नका. सीमाशुल्क कायद्याच्या कलम 80 नुसार खरं घोषित केलेलं सामान तात्पुरतं ठेवून, भारताबाहेर जाताना परत घेण्याची सोय आहे. ती लेखी मागावी लागते आणि पोचपावती तिथेच घ्यावी लागते.