दहावीनंतरची दोन वर्षे : सीमाभागातील मेडिकल प्रवेशाची पार्श्वभूमी

दहावीचा निकाल लागला की कर्नाटकातल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या घरांत एकच खल सुरू होतो. मुलीला अकरावीला घालायचे कुठे? बेळगावातच पीयूसीला (कर्नाटकातली अकरावी-बारावी), कोल्हापूरला, लातूरला, की मंगळूर-मूडबिद्रीकडे? बाहेरच्या माणसाला हा कॉलेजच्या दर्जाचा प्रश्न वाटतो. इथल्या पालकांना माहीत असते की या दोन वर्षांचा पत्ताच पुढे कोणत्या राज्याच्या गुणवत्ता यादीत नाव लागणार हे ठरवतो. हे असे का झाले, हे समजायला मेडिकलची तयारी पूर्वी कुठे होत असे तिथून सुरुवात करावी लागते.

ती तयारी कॉलेजात होत असे. मुंबई विद्यापीठाच्या काळात मॅट्रिकनंतर दोन वर्षे इंटर सायन्स करायचे. गणिताचा ‘ए ग्रुप’ इंजिनिअरिंगला, जीवशास्त्राचा ‘बी ग्रुप’ मेडिकलला. बेळगावात १९३३ साली कॉलेज निघाले, त्याच वर्षी आयुर्वेद महाविद्यालयही सुरू झाले. त्याआधी शिकायला धारवाड, सांगली, कोल्हापूर गाठावे लागे. इंटरनंतर मुंबई किंवा पुणे. ज्यांना तेवढे झेपत नसे ते लायसन्सिएटचा छोटा अभ्यासक्रम करून तालुक्याच्या गावी दवाखाना थाटत. त्या काळाबद्दल इथे एवढे पुरे.

बेळगावचे राज्य बदलले १९५६ साली, मुंबई राज्यातून ते म्हैसूर राज्यात म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले, पण विद्यापीठ त्याआधीच बदलले होते. १९४९ मध्ये धारवाडच्या विद्यापीठाची स्थापना झाली आणि बेळगाव जिल्ह्यातली कॉलेजे मुंबईकडून तिकडे गेली. मेडिकलचे नकाशेही मग वेगळे झाले. हुबळीला १९५७ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज निघाले, मिरजेला १९६२ मध्ये, आणि १९६३ मध्ये खुद्द बेळगावात खासगी संस्थेचे. मिरज बेळगावहून रेल्वेने काही तासांवर, पण ती दुसऱ्या राज्याची जागा झाली होती.

पीयूसी तेव्हा एक वर्षाची होती. त्यानंतर ‘प्री-प्रोफेशनल’चे एक वर्ष, मग एमबीबीएस. या प्री-प्रोफेशनल वर्गाच्या प्रवेशावरूनच तेव्हाच्या म्हैसूर राज्याने ६८ टक्के जागा राखीव ठेवल्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६२ च्या त्या निकालात आरक्षण साधारणपणे ५० टक्क्यांच्या आत असावे हे तत्त्व प्रथम ठळकपणे आले. देशभर ज्याचा दाखला दिला जातो, त्या प्रकरणातले काही अर्ज हुबळीच्या वर्गासाठीचे होते, ही गोष्ट आपल्या भागात फारशी कुणाला आठवत नाही. दोनच वर्षांनी प्रवेशासाठी मुलाखतीचे गुण धरण्याची पद्धतही न्यायालयात तपासली गेली आणि टिकली. मराठी घरातून आलेल्या, कन्नड कच्चे असलेल्या मुलाला त्या मुलाखतीत काय वाटले असेल, याची नोंद कुठल्याही निकालपत्रात सापडत नाही.

१९७० च्या दशकात दहा अधिक दोनचा आकृतिबंध आला आणि मेडिकलपूर्वीचे वर्ष कॉलेजातून खाली सरकले. वरवर हा हिशेबाचा बदल होता, एकूण वर्षे जवळपास तेवढीच राहिली. पण इंटर किंवा प्री-प्रोफेशनलला असलेला विद्यार्थी विद्यापीठाचा विद्यार्थी असे. मेडिकल हुकले तर त्याच कॉलेजात पुढे बी.एस्सी. करण्याची वाट मोकळी असे आणि वर्ष वाया गेले असे कुणी म्हणत नसे. दोन वर्षांची पीयूसी झाल्यावर सगळा भार सतरा वर्षांच्या मुलाच्या एका परीक्षेवर आला. माझ्या मते सीमाभागातल्या मुलांचे सर्वांत मोठे नुकसान इथे झाले. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलाला इंग्रजीतले विज्ञान पचवायला जे एक जादा वर्ष मिळत होते, ते गेले. आजही पीयूसीच्या पहिल्या सहामाहीत बायोलॉजीचे पुस्तक उघडले तर ऑस्मॉसिसच्या शेजारी पेन्सिलने परासरण, फोटोसिंथेसिसच्या शेजारी प्रकाशसंश्लेषण लिहिलेले दिसते. हुशारीत काही कमी नसते. दुसऱ्या पीयूसीपर्यंत पेन्सिल सुटते, पण तोवर पहिल्या वर्षाचे निम्मे धडे अर्धेमुर्धे झालेले असतात.

मग आला देणगीचा काळ. कर्नाटकात खासगी मेडिकल कॉलेजे भराभर निघाली आणि देशभरातून पैसेवाले पालक इकडे येऊ लागले. १९८४ मध्ये राज्याने कॅपिटेशन फीवर, म्हणजे प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या देणगीवर, बंदी घालणारा कायदा केला. १९८९ च्या अधिसूचनेने खासगी कॉलेजांची वार्षिक फी ठरवून दिली: सरकारी कोट्यातल्या विद्यार्थ्याला २ हजार रुपये, कर्नाटकातल्या इतर विद्यार्थ्याला २५ हजार आणि परराज्यातल्या विद्यार्थ्याला ६० हजार. ही तीन आकड्यांची उतरंड इतरांसाठी अर्थकारण असेल, सीमाभागात तिचा अर्थ रोजच्या रस्त्यावर दिसत होता. खानापूरचा मुलगा २५ हजारांत, आणि ज्याची बाजारहाट, दवाखाना, नातीगोती सगळी बेळगावात अशा, महाराष्ट्राच्या हद्दीतल्या चंदगडच्या मुलाला त्याच वर्गातल्या त्याच बाकाचे ६० हजार. मीरतच्या एका विद्यार्थिनीने या फीला आव्हान दिले. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅपिटेशन फी घटनाबाह्य ठरवली. १९९३ मध्ये मोठ्या पीठाने त्यात बदल करून ‘फ्री सीट’ (कमी फीची) आणि ‘पेमेंट सीट’ (जास्त फीची) अशी निम्मी-निम्मी वाटणी घालून दिली.

या वाटणीला कुठली तरी सामाईक यादी हवी होती. १९९४ पासून कर्नाटकात सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, सुरू झाली. त्या पहिल्या दहा वर्षांत गावाकडच्या मुलांना खरा श्वास मिळाला, असे मला ठामपणे वाटते. संस्थेच्या दारात जाऊन ओळख काढण्याची गरज उरली नाही. काउन्सेलिंगला नंबर लागला की समोर दिसणाऱ्या जागांतून निवड करायची. शेतकऱ्याच्या मुलाला फ्री सीट मिळाली की गावात त्याची मिरवणूक निघायची.

आता ज्यावर आजही सर्वांत जास्त घोळ होतो त्याकडे येऊ: विद्यार्थी ‘कोणाचा’ हे ठरवण्याचे नियम.

१९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्याच जागा स्थानिकांसाठी राखण्यावर बोट ठेवले आणि त्यातून १९८६ पासून सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात गेल्या. उरलेल्या ८५ टक्के जागांसाठी प्रत्येक राज्याने आपापली कसोटी लावली. कर्नाटकाची मुख्य कसोटी शिक्षणाची आहे. पहिली ते बारावी यांपैकी किमान सात वर्षे राज्यातल्या मान्यताप्राप्त शाळा-कॉलेजांत झालेली असावीत आणि ठरलेली परीक्षा इथूनच उत्तीर्ण झालेली असावी. महाराष्ट्र अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही राज्यातूनच झाल्याचे पाहतो. आपापल्या जागी दोन्ही नियम साधे आहेत. अडचण होते ती दोन राज्यांत विभागलेल्या शिक्षणाची.

चंदगडचा मुलगा दहावीपर्यंत गावात शिकला आणि जवळचे म्हणून बेळगावात पीयूसीला आला. कर्नाटकाच्या हिशेबात त्याची दोनच वर्षे भरतात, महाराष्ट्राच्या हिशेबात बारावी परराज्यातली. पालकांच्या नोकरीचे वगैरे अपवाद सोडले तर तो दोन्हीकडच्या राज्य कोट्यातून बाहेर. निपाणीची मुलगी दहावीनंतर चांगल्या क्लाससाठी कोल्हापूरला गेली, तर महाराष्ट्रासाठी तिची दहावी कर्नाटकातली, म्हणून तिथला सर्वसाधारण दरवाजा बंद. इकडचा उघडा राहतो की नाही हे त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेतल्या पोटकलमावर. सोळाव्या वर्षी एसटीचा पास काढताना हे कुणाच्या डोक्यात असते?

दोन्ही राज्यांनी यावर सीमाभागासाठी म्हणून तोडगे काढले आहेत, आणि ते शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. कर्नाटकाच्या नियमांत ‘गडिनाडू कन्नडिग’ असे कलम आहे. दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, जत, गडहिंग्लज आणि केरळातले कासरगोडकडचे तालुके, इथे राहून शिकलेल्या, मातृभाषा कन्नड, तुळू किंवा कोडव असलेल्या विद्यार्थ्यांना त्या कलमाखाली पात्र धरले जाते. त्यासाठी कन्नडची परीक्षाही द्यावी लागते. महाराष्ट्राच्या नियमांत ‘विवादग्रस्त सीमाभाग’ अशी वर्गवारी आहे. राज्याने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या, तिथेच शिकलेल्या आणि मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी. नेमका मजकूर अभ्यासक्रमागणिक थोडा बदलतो, गाभा हाच. म्हणजे सीमाप्रश्न २००४ पासून न्यायालयात असताना दोन्ही राज्यांनी प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत आपापला दावा लिहून ठेवला आहे. मेडिकलच्या अशा जागा मात्र हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच, आणि त्यांच्यासाठी ८६५ गावांतली मुले आपापसांत स्पर्धा करतात.

हे न्याय्य आहे का? कर्नाटकाच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सात वर्षांच्या कलमात मातृभाषा विचारली जात नाही. मराठी माध्यमाच्या शाळेतली वर्षेही पूर्ण धरली जातात आणि ग्रामीण भागात पहिली ते दहावी शिकलेल्यांच्या १५ टक्के आरक्षणातही मराठी शाळा चालते. पण पहिली ते दहावी कन्नड माध्यमातून शिकलेल्यांसाठी जे ५ टक्के वेगळे ठेवले आहेत, त्यात मराठी माध्यमाचा मुलगा बसत नाही. मातृभाषेतून शिकून इंग्रजीशी झुंजणाऱ्या मुलाला हात द्यायचा हा त्या आरक्षणाचा हेतू असेल, तर खानापूरच्या जंगलपट्टीतल्या मराठी शाळेतून आलेला मुलगा त्या हेतूत कमी बसतो असे मला वाटत नाही.

कागदांचेही तसेच. सात वर्षांचा पुरावा असलेले स्टडी सर्टिफिकेट म्हणजे एक साधा तक्ता: इयत्ता, वर्ष, शाळेचे नाव, तालुका, जिल्हा, खाली मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का, त्यावर बीईओंची (गटशिक्षणाधिकाऱ्यांची) प्रतिस्वाक्षरी. शाळा बदललेली असेल तर तितके तक्ते. एखादी शाळा पटसंख्येअभावी दुसरीत विलीन झालेली असेल तर जुने रजिस्टर कुणाकडे, इथपासून शोध. महाराष्ट्राच्या वर्गवारीसाठी वेगळा दाखला हवा, गाव त्या यादीत असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा. आणि तो कर्नाटकातल्या ज्या कार्यालयांतून काढायचा तिथे या कागदाचे कारण सांगतानाच पालकांचा घसा कोरडा पडतो. हुशार पालक हे सगळे दहावीच्या सुट्टीत करून ठेवतात. ज्यांच्या घरात हे सांगायला कुणी नाही, ते काउन्सेलिंगच्या आदल्या आठवड्यात धावतात.

पुढचे थोडक्यात. २००२ आणि २००५ च्या निकालांनी फ्री-पेमेंटची जुनी वाटणी मोडीत निघाली. बेळगावातली जुनी खासगी मेडिकल संस्था २००६ मध्ये अभिमत विद्यापीठाचा भाग झाली. अभिमत विद्यापीठांच्या जागा आता देशपातळीवरच्या काउन्सेलिंगमधून भरल्या जातात, तिथे अधिवास चालत नाही. जिल्हा रुग्णालयाला जोडून सरकारी कॉलेज आले, त्यामुळे राज्य कोट्यातल्या मुलांना घराजवळ कमी फीची जागा तरी निर्माण झाली. कोल्हापूरलाही सरकारी कॉलेज झाले.

नीट, म्हणजे मेडिकल प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा, २०१३ मध्ये एकदा झाली, त्याच वर्षी रद्द झाली, २०१६ मध्ये परत आली. सरकारी जागांसाठी राज्यांना त्या एका वर्षापुरती सूट मिळाली, २०१७ पासून सगळ्या राज्यांच्या जागांसाठी तीच एक परीक्षा. २०१८ पासून आयुर्वेद, होमिओपॅथीलाही नीट लागू झाली. सीमाभागातली कितीतरी डॉक्टर मंडळी याच पॅथ्यांची, त्यामुळे हा बदल इथे फार जाणवला. प्रश्नपत्रिका मराठीतही असते, पण ती फक्त महाराष्ट्रातल्या केंद्रांवर. बेळगाव केंद्रावर प्रादेशिक भाषा म्हणून कन्नड मिळते. पीयूसी इंग्रजीतून झाल्याने बहुतेक मुले इंग्रजीच घेतात हे खरे, तरी भाषेची सोय विद्यार्थ्याला न जोडता राज्याच्या हद्दीला जोडली गेली आहे हे इथे नोंदवले पाहिजे.

नीटने बी.एस्सी.चा जुना रस्ताही नव्याने आणला. भौतिक, रसायन, जीवशास्त्र यांपैकी किमान दोन विषय घेऊन बी.एस्सी. झालेला आणि त्याआधी बारावीला हे विषय व इंग्रजी घेतलेला विद्यार्थी एमबीबीएसला पात्र धरला जाईल, अशी तरतूद मेडिकल परिषदेच्या १९९७ च्या नियमांतच होती. मध्ये आलेली वयाची कमाल मर्यादा २०२२ मध्ये काढली गेली. म्हणून बेळगावच्या कॉलेजांत झूऑलॉजी-केमिस्ट्रीच्या वर्गात बसून नीटची दुसरी-तिसरी फेरी देणारी मुले आज दिसतात. घरच्यांना ‘ड्रॉप’ (फक्त नीटसाठी वर्ष मोकळे ठेवणे) हा शब्द नको असतो, पदवी हातात येत राहते, आणि नीट नाहीच जमली तर एम.एस्सी., फार्मा कंपनी, लॅब यांची दारे उघडी राहतात. २०२१ च्या संलग्न आरोग्य सेवांच्या कायद्यानंतर फिजिओथेरपी, लॅब टेक्नॉलॉजी, ऑपरेशन थिएटर टेक्नॉलॉजी यांच्या पदव्यांकडेही पालक वेगळ्या नजरेने पाहू लागले आहेत, आणि ते चांगलेच आहे.

हा रस्ता धरणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र आधी पक्की करून घ्यावी. कर्नाटकाची सात वर्षे पहिली ते बारावी या पट्ट्यातच मोजली जातात. चंदगडच्या त्या मुलाने पीयूसीनंतर बेळगावात तीन वर्षे बी.एस्सी. केली, तरी ती तीन वर्षे त्याच्या दोनात मिळवली जात नाहीत.