फोन किती वर्षे वापरायचा, हे आधी ठरवा

स्मार्टफोन घेताना आपण आधी रक्कम ठरवतो आणि मग त्या रकमेत सर्वांत मोठे आकडे कोणत्या खोक्यावर छापले आहेत, ते शोधू लागतो. त्याऐवजी हा फोन किती वर्षे वापरायचा हे आधी ठरवावे आणि तेवढ्या काळात जे बदलता येणार नाही, त्यावर पैसा खर्च करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. बॅटरी थकली तर नवी बसवता येते, काच फुटली तर बदलता येते. स्टोरेजची चिप, फोनला चालणारे ५जी बँड (म्हणजे लहरींचे पट्टे) आणि सॉफ्टवेअर अपडेटची मुदत मात्र खरेदीच्या दिवशीच ठरून जाते.

यांपैकी स्टोरेजकडे सर्वांत कमी लक्ष जाते. '१२८ जीबी' हा आकडा खोक्यावर ठळक असतो, पण ती चिप ईएमएमसी या जुन्या, संथ प्रकारची आहे की यूएफएस या नव्या, वेगवान प्रकारची, हे बहुधा कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊनच पाहावे लागते. ईएमएमसी ५.१ चा कमाल वेग सेकंदाला ४०० मेगाबाइट, तर यूएफएस २.२ चा सुमारे १,२०० मेगाबाइट असतो. प्रत्यक्षात दोन्हींचे वेग याहून कमीच मिळतात. खरा फरक असा, की ईएमएमसीमध्ये माहिती वाचणे आणि लिहिणे एकाच मार्गावरून आळीपाळीने चालते, तर यूएफएसमध्ये दोहोंसाठी स्वतंत्र मार्ग असतात. भाजीवाल्यासमोर उभे राहून आपण यूपीआयचे अ‍ॅप उघडतो, त्याच वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले व्हिडिओ साठवले जात असतात आणि स्कॅनरचा पडदा उघडता उघडत नाही. अशा वेळी प्रोसेसर कितीही चांगला असला, तरी त्याला स्टोरेजकडून माहिती येण्याची वाट पाहावी लागते. शिवाय फ्लॅश चिपमध्ये जुन्या मजकुरावर थेट नवा मजकूर लिहिता येत नाही, आधी एक संपूर्ण गट पुसावा लागतो, त्यामुळे जागा भरत आली की फोन आणखी मंदावतो. 'व्हर्च्युअल रॅम' नावाने जी जादा रॅम सांगितली जाते, तीही याच स्टोरेजमधून उसनी घेतलेली असते आणि ईएमएमसीच्या फोनमध्ये तिचा उपयोग फारच थोडा होतो.

कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलवर जादा पैसे मोजू नयेत. १०८ मेगापिक्सेलचा सेन्सर पुरेसा प्रकाश गोळा व्हावा म्हणून सहसा शेजारच्या नऊ पिक्सेलांचा एक करतो आणि हाती येणारे छायाचित्र १२ मेगापिक्सेलचेच असते. सेन्सरचा आकार आणि फोन धरलेला हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी ओआयएस सोय यांना अंधुक उजेडात अधिक महत्त्व आहे.

५जीच्या बाबतीत आपल्या सिमकार्डाचा विचार करावा. २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी फक्त जिओने घेतल्या. या लहरी ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरींपेक्षा दूर जातात आणि भिंतींतूनही अधिक चांगल्या आत येतात. त्यामुळे जिओच्या ग्राहकाने फोनच्या बँडच्या यादीत ३३०० मेगाहर्ट्झच्या एन७८ बरोबर ७०० मेगाहर्ट्झचा एन२८ हा बँड आहे ना, हे पाहावे.

अपडेटच्या बाबतीत गुगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ साठी सात वर्षांची हमी दिली. स्वस्त फोनांची मुदत सहसा याहून बरीच कमी असते आणि ती विक्री सुरू झाल्यापासून मोजली जाते, आपण फोन विकत घेतल्यापासून नव्हे. मुदत संपल्यावर फोन चालतो खरा, पण सुरक्षेतील नव्या त्रुटी बुजवल्या जात नाहीत, आणि ज्यावर बँकेचे व्यवहार होतात त्या फोनसाठी ही गोष्ट मी कॅमेऱ्याच्या आधी पाहीन.

रक्कम फारच तुटपुंजी असेल, तर अगदी स्वस्त नव्या फोनऐवजी यूएफएस स्टोरेजचा आणि अपडेटची मुदत शिल्लक असलेला वापरलेला फोन घेणे मला अधिक पटते. पैसे देण्यापूर्वी त्यावर *#०६# दाबून आयएमईआय हा फोनचा ओळख क्रमांक पाहावा आणि 'केवायएम' ही इंग्रजी अक्षरे, मोकळी जागा व तो क्रमांक असा एसएमएस १४४२२ वर पाठवावा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असल्यास ते उत्तरातून समजते.