सड्यावरच्या रानफुलांचे नमुने हर्बेरियमला (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाला) द्यायचे आहेत? परवानगी, कागदपत्रे आणि लेबल

गोव्याचे सडे (जांभ्या खडकाची उघडी पठारे) मे महिन्यात वाळवंटासारखे तापतात. पहिल्या पावसानंतर दिपकाडी उगवते, मग दवबिंदू, सीतेची आसवे आणि गेंद ही रानफुले. दिपकाडीचा बहर थोडेच दिवस टिकतो, म्हणून अर्ज एप्रिलमध्येच करा. जूनमध्ये केलेल्या अर्जाला परवानगी मिळेपर्यंत फूल गेलेले असते.

आधी जमीन कोणाची ते पाहा. 1/14 च्या उताऱ्यावर (गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा उतारा) सर्व्हे क्रमांक आणि कब्जेदाराचे नाव मिळते. जमीन कोमुनिदादीची (गावच्या सामाईक जमिनीची मालक असलेली जुनी संस्था) असेल तर तिच्या व्यवस्थापन समितीची, खासगी असेल तर भाटकाराची (जमीनमालकाची) लेखी संमती घ्या. जागा अभयारण्यात (म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव वगैरे) असेल तर अर्ज वन खात्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाकडे जातो. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या कलम 28 खाली प्रवेशाची परवानगी मिळते. वनस्पती संरक्षित यादीतली असेल तर कलम 17ब लागते. त्यात वैज्ञानिक संस्थेच्या हर्बेरियमसाठी संकलन हे कारण स्पष्ट दिलेले आहे, अर्जात तेच शब्द वापरा.

भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला निव्वळ संशोधनासाठी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागत नाही. परदेशी व्यक्ती किंवा संस्था स्वतः संकलन करणार असेल तर मात्र जैवविविधता कायदा 2002 च्या कलम 3 प्रमाणे पूर्वमंजुरी हवीच.

अर्जाला जोडा: कॉलेज किंवा विद्यापीठाचे पत्र, ओळखपत्र, जातींची यादी, प्रत्येक जातीचे किती नमुने घेणार तो आकडा, ठिकाणे आणि तारखा. शिवाय नमुने स्वीकारणाऱ्या हर्बेरियमचे संमतिपत्र, मग ते विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाचे असो वा पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे. हेच पत्र बहुतेकजण विसरतात. आकडा ठरवताना वीस झाडांमागे एकापेक्षा जास्त घेऊ नये. दुर्मीळ कंद उपटू नका. एक फुलोरा आणि नीट काढलेले फोटो पुरेत.

खरी हानी लेबलमध्ये होते. ‘गोवा, सडा’ एवढेच लिहिलेला नमुना पुढच्या अभ्यासकाला जवळजवळ निरुपयोगी. गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, संकलकाचे नाव, संकलन क्रमांक (संकलकाने स्वतःच्या वहीत नमुन्याला दिलेला) आणि अधिवास (कातळावरचे डबके, मातीचा पातळ थर, उतार) सगळे लिहा. गोव्याचा अक्षांश 15 च्या आसपास, रेखांश 74 च्या. हे आकडे उलटे पडले तर नकाशावर नमुना नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात जातो. फुलाचा रंग जागेवरच नोंदवा, कारण सीतेच्या आसवांचा जांभळा रंग दाबल्यावर फिका पडतो. गेंदाची जात ठरवायला पिकलेले बी लागते. नुसती कोवळी पांढरी बोंडे आणली तर ओळख अडते.

जुलैच्या दमट हवेत दाबलेल्या नमुन्याचा कागद पहिले चार-पाच दिवस रोज दोनदा बदला, नाहीतर बुरशी धरते. नंतर सुमारे 42 × 28 सेंमीच्या शीटवर चढवा. जुन्या शीट हाताळताना हातमोजे घाला, त्यांना पाऱ्याचे विष लावलेले असते.

नमुन्यांसोबत परवानगीची प्रत द्या. हर्बेरियमचा नोंदणी क्रमांक मिळाला की तो वहीत त्याच संकलन क्रमांकासमोर लिहून ठेवा. प्रबंधात दोन्ही द्यावे लागतात.